दुसरी सही

आमच्या इन्स्पेक्टरबाई भर दुपारी बारा वाजता बॅटरी लावून वांगी निवडायच्या. गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या फाटकाशी भाजीची गाडी थांबली की बाई जिना उतरून यायच्या, पर्समधून बोटाएवढी बॅटरी काढायच्या आणि एकेक वांगं देठापासून खालपर्यंत फिरवून बघायच्या. "बाई, सूर्य कमी पडला का?" असं भाजीवाल्याने एकदा वैतागून विचारलं. "सूर्य वरून पडतो," बाई म्हणाल्या, "भोक देठाखाली असतं." आणि एक वांगं बाजूला काढून त्यांनी त्याच्या हातात दिलं. त्याने ते तिथेच चिरलं. आत अळी होती. तेव्हापासून तो बाईंची निवड होईपर्यंत गप्प उभा राहायचा आणि त्यांनी नाकारलेली वांगी मला विकायचा.

बाई ओझरच्या विमान कारखान्यात तपासणी विभागात होत्या. तीसएक वर्षं त्यांनी दुसऱ्यांनी केलेली कामं बॅटरी लावून बघितली, आणि निवृत्त होताना ही सवय कारखान्यात परत करायची राहून गेली. मूळच्या नांदगावच्या, अंगाने किडकिडीत, बोलणं मोजकं. लग्न केलेलं नव्हतं. का, असं विचारायची आमच्या मजल्यावर कुणाची छाती झाली नाही. आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये त्या एकट्या राहत. 'एकट्या' हा शब्द माझा. बाई 'आम्ही दोघं' म्हणत. दुसरा म्हणजे साहेब, त्यांचा करड्या पट्ट्यांचा बोका.

"जन्मभर साहेबांच्या मागे फिरले. आता हा साहेब माझ्या मागे फिरतो, फिरू दे," असं त्या नावाचं कारण सांगत. पिल्लू असताना त्याला फाटकाबाहेर स्कूटरने उडवलं होतं. बाईंनी त्याला भाजीच्या पिशवीत घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. तो वाचला, जरासा डावीकडे झुकून का होईना पण चालायला लागला. मग डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. कमरेचं हाड जुळलं होतं, पण वाकडं जुळलं होतं, आणि आतली वाट अरुंद झाली होती. "याला जन्मभर बद्धकोष्ठाचा त्रास राहणार," डॉक्टर म्हणाले. "शी रोज झाली पाहिजे. दोन दिवस झाली नाही तर तिसऱ्या दिवसाची वाट बघू नका. आत साचलं की आतडं ताणतं, फार ताणलं की सैल पडतं, आणि एकदा सैल पडलं की ते पुन्हा जोर करत नाही."

"मग?" बाईंनी विचारलं.

"मग मांजर जातं."

तेव्हापासून समोरच्या घरात रोज सकाळी एक ताण सुरू व्हायचा आणि शी झाली की संपायचा. नाही झाली तर तो दुसऱ्या दिवशी दुप्पट होऊन यायचा. बाई स्वतः माळकरी घरातल्या. पण साहेबासाठी नाकाला पदर लावून कोंबडी उकडायच्या, तिचं बिनमिठाचं पाणी त्याच्या खाण्यात कालवायच्या, लाल भोपळा मऊ शिजवून चमचाभर मिसळायच्या. घरात तीन ठिकाणी पाण्याच्या वाट्या. सकाळ-संध्याकाळ सुई काढलेल्या सिरिंजने एक गोड पातळ औषध त्याच्या गालाच्या कोपऱ्यातून आत सोडायच्या. ते पाजताना बाई त्याला "सॉरी हं साहेब" म्हणायच्या. कारखान्यातल्या एकाही साहेबाला त्या सॉरी म्हणाल्या असतील असं मला वाटत नाही.

या सगळ्याची एक फुलस्केप वही होती. तारीख, वेळ, किती, कशी, पाणी, औषध असे रकाने, आणि शेवटी दोन रकाने सह्यांचे. दोन सह्या कशाला, असं मी हसून विचारलं तेव्हा बाईंनी मला अडाण्याला समजवावं तसं समजावलं. "आमच्याकडे ज्याने काम केलं त्याने स्वतः पास करायचं नसतं. दुसऱ्याने बघायचं, मग दुसरी सही. मी याला एवढी जपते, तर मला शी झालेलीच दिसणार ना? नुसती रेती उकरलेली असली तरी दिसणार. म्हणून दुसरा माणूस पाहिजे." तो दुसरा माणूस त्यांनी आधीच ठरवलेला होता. रोज संध्याकाळी सात वाजता आमची बेल वाजायची. "सर, या." मी चहाचा कप खाली ठेवायचो, त्यांच्या बाल्कनीत जाऊन रेतीच्या ट्रेसमोर वाकायचो, बाई वरून बॅटरीचा झोत धरायच्या, आणि रसायनशास्त्र शिकवणारा मी, 'दोन, मऊसर' या नोंदीपुढे माझी सही करायचो. माझी बायको सुजाता म्हणायची, एवढं लक्ष तू कधी मी वाढलेल्या आमटीकडे दिलं नाहीस.

सहीच्या बाबतीत माझा इतिहास फारसा उजळ नव्हता. मी ज्युनियर कॉलेजात शिकवतो. जानेवारीत प्रॅक्टिकलची जर्नल्स तपासायला येतात, दीडशेच्या वर. मी ती सहीची जागा दिसेल एवढीच उघडायचो. एका वर्षी एका मुलाने प्रयोगाच्या निष्कर्षात क्रिकेटचा स्कोअर लिहिला होता, आणि मी त्याखाली 'छान' लिहून सही केली होती. हे मला त्यानेच पुढच्या वर्षी पेढे द्यायला आला तेव्हा सांगितलं. मी हा किस्सा बाईंना हसवायला सांगितला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी मला बसची गोष्ट सांगितली.

नोकरीच्या सुरुवातीला एकदा पाळी सुटायच्या वेळेस एक वडीलधारा कामगार जॉब, म्हणजे तयार केलेला भाग, तपासायला घेऊन आला. "सगळं ठीक आहे पोरी, सही कर, बस निघाली." बाईंनी बॅटरी लावली. बाहेर नाशिकला येणारी अख्खी बस त्यांच्यासाठी खोळंबली, कारण त्यानंतर दुसरी नव्हती. लोक खिडक्यांतून नावं ठेवत होते. बाई बघत होत्या. चाळीस मिनिटं.

"मग काय निघालं?" मी विचारलं.

"काही नाही. जॉब एकदम चोख होता."

"म्हणजे फुकटच की!"

"फुकट कसं? घरी येऊन जेवले आणि गाढ झोपले."

मला ती गोष्ट अर्धवट वाटली. काहीतरी निघायला हवं होतं, निदान एखादी चीर, असं वाटत राहिलं.

साहेबाच्या पोटाबद्दल सल्ले द्यायला अख्खी सोसायटी तयार असे. मी इसबगोल सुचवलं, कारण माझ्या वडिलांना त्याचा गुण यायचा. बाईंनी ते माझ्या नावानिशी डॉक्टरांच्या कानावर घातलं आणि उत्तर आणून मला दिलं: "वाट अरुंद आहे म्हटल्यावर गठ्ठा मोठा करून कसं चालेल, असं विचारलंय तुम्हाला." तळमजल्यावरच्या एका सद्गृहस्थांनी तर माणसांच्या एनिमाची बाटलीच आणून दिली होती, अगदी मनापासून. बाईंनी तिच्यावर लाल चिंधी बांधली आणि ती तशीच डॉक्टरांकडे नेली. हे मांजराला दिलं असतं तर ते दिवसभरात मेलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. लाल चिंधी म्हणजे नापास. बाईंनी ती एकदा आमच्या लिफ्टच्या दारालाही बांधली होती. सेक्रेटरी चिडून भांडायला आले, आणि मिस्तरीने येऊन झिजलेला दोर दाखवल्यावर जिन्याने वर गेले.

तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत नांदगावला बाईंच्या बहिणीच्या मुलीचं लग्न निघालं. बाई जायला तयार नव्हत्या. "मांजरापायी भाचीच्या लग्नाला येणार नाहीस का तू?" असं बहीण फोनवर रडली तेव्हा तयार झाल्या. गुरुवारी जायचं, रविवारी लग्न, सोमवारी परत. दोन संध्याकाळी त्यांनी माझ्याकडून औषध पाजून घेतलं, एकदा बोट चावून घेतलं, आणि मग किल्ली दिली. पहिली सही माझी, दुसरी सुजाताची. स्वतःची बॅटरी त्यांनी बाल्कनीच्या दाराशी खिळ्याला लटकवून ठेवली. "एवढं ध्यानात ठेवा सर. बघितल्याशिवाय लिहायचं नाही. आणि काही वेगळं दिसलं तर मला फोन करा. तुम्ही ठरवू नका." त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन होता, त्यामुळे फोटो पाठवायची सोय नव्हती. असती तरी फोटोवर बाईंनी सही केली नसती.

गुरुवारी सगळं नीट झालं. शुक्रवारी घरी जर्नल्सचा गठ्ठा येऊन पडला होता. संध्याकाळी मी घाईघाईत समोर गेलो, औषध पाजलं आणि बाल्कनीच्या दारातूनच ट्रेकडे नजर टाकली. रेती उकरलेली होती, कोपऱ्यात ढिगारा होता. मी 'झाली' लिहिलं आणि सही केली.

"बघितलीस ना नीट?" सुजाताने वही हातात घेताना विचारलं.

"बघितली गं. कर सही."

तिने केली. थोड्या वेळाने नांदगावहून फोन आला. मागे बायकांची गाणी चालली होती.

"झाली का?" बाई म्हणाल्या.

"झाली."

"बघितली का?"

"बघितली."

किती सहज गेलं तोंडातून! वीस वर्षांची सवय होती.

शनिवारी ट्रेच्या कडेला तपकिरी पाणी सांडलेलं दिसलं, आणि मला उलट बरं वाटलं. चला, पोट साफ होतंय, जरा जास्तच होतंय. औषध आतड्यात पाणी ओढून घेतं हे मला ठाऊक होतं; तेव्हा मात्रा जास्त झाली असणार, जुलाब लागले असणार, असा सरळ हिशेब मी मांडला. विषय माझा होता ना! मी औषध बंद केलं, बाईंनी करून ठेवलेलं भोपळ्याचं खाणं बाजूला सारलं आणि साहेबापुढे दहीभात ठेवला. त्याने तो हुंगला आणि तोंड फिरवलं. वहीत मी 'झाली, पातळ' असं लिहिलं. फोनवर मात्र 'पातळ' सांगितलं नाही. लग्नघरात बाईंना घोर कशाला, असं मी मनाशी म्हटलं. खरं म्हणजे त्यांनी चार प्रश्न विचारले असते, आणि मला जर्नल्स संपवायची होती.

रविवारी सकाळी साहेब दिसेना. शेवटी तो वॉशिंग मशीनच्या मागे सापडला. शेजारी पिवळी ओकारी होती. दहीभात वाळून गेला होता. मी त्याला हाक मारली तेव्हा त्याने कान हलवला, बाकी काही नाही. मी डॉक्टरांना फोन लावला. रविवारचा दवाखाना बंद असतो. डॉक्टर घरी होते.

"बाई नाहीत? बरं, वहीत काय आहे ते वाचा," ते म्हणाले. बाईंच्या वहीवर त्यांचा फार विश्वास होता.

मी वाचलं. गुरुवार, झाली, दोन, कडक. शुक्रवार, झाली. शनिवार, झाली, पातळ.

"मग बद्धकोष्ठ नाही. पोट बिघडलंय. पाणी पाजत राहा, उद्या सकाळी आणा."

मी फोन ठेवला आणि मला सुटल्यासारखं वाटलं. उद्यापर्यंत काही बरंवाईट झालंच तर ते बिघडलेल्या पोटाने होईल. शुक्रवारचं कुणाला कधी कळणार नाही. हा विचार माझ्या मनात आला होता. बाईंच्या वहीत खोटं लिहून झालं, इथे तरी खरं लिहितो.

तेवढ्यात साहेब मशीनमागून बाहेर आला. पाय ओढत बाल्कनीत गेला, ट्रेमध्ये बसला, पाठीची कमान केली आणि जोर करायला लागला. त्याचं सगळं अंग थरथरत होतं. काही होईना. मग त्याने एक आवाज काढला, मांजराचा वाटणार नाही असा, आणि तो माझ्याकडे बघत राहिला. खिळ्यावर बॅटरी लटकत होती. गुरुवारपासून मी तिला हात लावला नव्हता. साहेबाला उचलून बाजूला ठेवलं, बॅटरी लावली आणि गुडघ्यांवर बसून ट्रेमधली रेती चमच्याने पार तळापर्यंत उपसली. शुक्रवारच्या ढिगाऱ्याखाली रेतीच होती.

मी पुन्हा फोन लावला. "डॉक्टर, वहीत लिहिलंय ते खोटं आहे. शुक्रवारी मी बघितलं नव्हतं. गुरुवारनंतर काही झालेलं नाही, काल नुसतं पाणी आलं."

"अहो सर, आत कडक गोळा अडकलाय आणि त्याच्या कडेने ते पाणी झिरपतंय! औषध चालू आहे ना?"

"काल बंद केलं."

"उचला त्याला. मी दवाखाना उघडतो."

सुजाताने त्याला बाईंच्याच जुन्या शालीत गुंडाळलं. रिक्षात तो माझ्या मांडीवर होता. इतका हलका मला तो कधी लागला नव्हता. "म्हातारा झाला का काय हो?" रिक्षावाल्याने आरशातून विचारलं. "नाय हो, माझ्यामुळे झालंय," असं मी त्याला का सांगितलं कोण जाणे. त्याने मग सिग्नलची फारशी पर्वा केली नाही.

डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला आणि एकच शब्द बोलले, "दगड." भूल देऊन, कोमट पाण्याने सैल करत, थोडं थोडं काढावं लागणार होतं. अंगातलं पाणी आटलं होतं, सलाईन लावूनही भूल सोसेल की नाही याची खात्री नव्हती. त्यांनी संमतीचा कागद माझ्यापुढे सरकवला. "बाईंना विचारा आणि सही करा."

मी नांदगावला फोन केला. पाचव्या वेळेस बाईंनी उचलला. मागे कर्ण्यावर मंगलाष्टकं चालू होती. मी सगळं सांगितलं, शुक्रवारचं सगळ्यात आधी.

"बघितली नव्हती?" बाईंनी विचारलं.

"नाही."

कर्ण्यावर 'सावधान' झालं.

"कागद हाय तुमच्यापुढं?" त्या म्हणाल्या. बाईंच्या तोंडून नांदगाव बाहेर आलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. "वाचा तो. सगळा वाचा. मग सही करा. मी निघते."

मी तो कागद शब्द न् शब्द वाचला. जनावर दगावण्याची शक्यता मला समजावून सांगण्यात आली आहे, असं त्यात एक वाक्य होतं. ते दोनदा वाचलं आणि सही केली.

बाई पाचच्या सुमारास आल्या. अंगावर मोरपंखी पैठणी, केसांत अक्षतांचे दाणे तसेच. अक्षता पडल्या आणि त्या मांडवातून थेट निघाल्या होत्या. जेवल्या नव्हत्या, बहिणीशी बोलल्या नव्हत्या. माझ्याकडे न बघता त्यांनी हात पुढे केला. मी खिशातून त्यांची बॅटरी काढून दिली. साहेब पिंजऱ्यात सलाईन लावलेला पडला होता, डोळे अर्धे उघडे, जीभ जराशी बाहेर. बाईंनी त्याचा ओठ वर करून हिरड्यांवर झोत टाकला. मग डॉक्टरांना म्हणाल्या, "काय निघालं ते बघू." डॉक्टरांनी ट्रे आणला. पैठणीतल्या बाई त्या ट्रेवर वाकल्या आणि मिनिटभर बॅटरीने ते बघत राहिल्या. एरवी मला हसू आवरलं नसतं.

"सगळं निघालं?" त्यांनी विचारलं.

"सगळं. आता आतड्याने साथ दिली पाहिजे. उद्या-परवापर्यंत कळेल."

मग बाई बाकावर माझ्या शेजारी बसल्या. "वही आणलीय?"

आणली होती. मी शुक्रवारची नोंद गिरवून काळी करायला लागलो तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. "खोडायचं नाही. रेघ एकच मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी खरं लिहायचं. सही, आजची तारीख." मी लिहिलं, 'बघितली नाही.' शनिवारपुढे लिहिलं, 'फक्त पाणी. औषध स्वतःच्या मनाने बंद केलं.' दोन्हीकडे सह्या केल्या.

"बाई, माझं चुकलं," मी म्हणालो.

"ते लिहून झालं," त्या म्हणाल्या, आणि वही मिटून पिंजऱ्यापाशी गेल्या. ओरडल्या असत्या तर मी त्यांचे पाय धरले असते.

साहेब वाचला. मंगळवारी घरी आला, आणखी एक गोळी मागे लागली, पण पुन्हा ट्रेमध्ये नीट बसायला लागला. मला हे सुजाताकडून कळलं, कारण मंगळवारी सात वाजता आमची बेल वाजली नाही. बुधवारीही नाही. समोरचं दार उघडायचं, मिटायचं. जिन्यात भेटल्या तर बाई "काय सर" म्हणायच्या. तोंड फिरवलं नाही, कुणाकडे माझी चुगली केली नाही. सुजाता विरजण मागायला गेली तेव्हा वही टेबलावर उघडी होती. "दुसरा रकाना कोरा आहे रे," ती म्हणाली. बाई दुसऱ्या कुणालाही बोलावत नव्हत्या, आणि मलाही बोलावत नव्हत्या. रोज सात वाजले की मी चहाचा कप हातात धरून बेलची वाट बघत बसायचो. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला मांजराची शी बघायला बोलावत नाहीत म्हणून रडू यावं, यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, पण मला एकदा आलं.

त्या दिवसांत मी जर्नल्स परत मागवली. सह्या झालेलीसुद्धा. पहिल्या पानापासून वाचली. एका मुलीने तीन प्रयोगांची निरीक्षणं दुसऱ्या कुणाची उतरवली होती. विचारलं तर म्हणाली, सर, तुम्ही बघत नाही असं सगळे म्हणतात. तिच्याकडून तिन्ही प्रयोग पुन्हा करून घेतले आणि तोपर्यंत शेजारी उभा राहिलो.

तीन आठवडे होत आले असतील. एका संध्याकाळी बेल वाजली. दारात बाई, हातात वही. "सर, या." एवढंच. मी चप्पल न घालता गेलो. बाल्कनीत त्यांनी बॅटरी माझ्याच हातात दिली. मी वाकलो, इकडून बघितलं, तिकडून बघितलं, झोत जवळ नेला, पुन्हा लांब धरला.

"पुरे सर," बाई म्हणाल्या, "नजर लागेल त्याला."

त्यानंतरच्या अडीचएक वर्षांत एकही संध्याकाळ चुकली नाही. गेल्या दिवाळीनंतर बाईंचं हृदय दमलं. दवाखान्यात त्या दहा-बारा दिवस होत्या. साहेब आमच्याकडे आला, वही आली, बॅटरी आली. पहिली सही माझी, दुसरी सुजाताची, आणि ती आता स्वतः वाकून बघितल्याशिवाय करत नाही. संध्याकाळी पाच ते सहा भेटायची वेळ असे. मी वही घेऊन जायचो. नळ्या लावलेल्या बाई चष्मा मागायच्या, नोंद वाचायच्या आणि तरी विचारायच्या, "झाली का? बघितली का?" दोन्ही उत्तरं दिल्याशिवाय त्या स्वतःच्या तब्येतीचं बोलू देत नसत.

बाई एका बुधवारी सकाळी गेल्या. बहीण नांदगावहून आली होती. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्हीच ना ते सर?" साहेब आता बारा वर्षांचा आहे. जानेवारीत तो जर्नल्सच्या गठ्ठ्यावर झोपतो, आणि मी त्याला उठवून एकेक जर्नल खालून काढतो.

बाई गेल्या त्याच्या आदल्या संध्याकाळचं तेवढं सांगायचं राहिलं. बाईंचा आवाज खोल गेला होता. चष्मा मागितला नाही. मी खुर्ची जवळ ओढली, वही उघडून मांडीवर धरली.

"झाली का?" त्यांनी विचारलं.

"झाली."

मी पुढच्या प्रश्नासाठी तयार होऊन बसलो. सकाळीच बघितली होती, बॅटरी लावून, दोन, मऊसर. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग मान हलवली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "बरं."